कुपवाडच्या वर्कशॉपमधून: कौशल्य विभागाच्या संध्याकाळच्या बॅचबद्दल

कुपवाड एम.आय.डी.सी.त आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सी.एन.सी. (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) लेथ, काही साधे लेथ, एक रेडियल ड्रिल. पंपांचे सुटे भाग करतो, म्हणजे स्लीव्ह (पोकळ नळकांडी), बुश, फ्लँज आणि शाफ्ट. मशीनची बाजू मिस्टर बघतात. हिशेब, खरेदी, माणसं आणि क्वालिटी माझ्याकडे.

सांगलीतल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या कौशल्य विभागाबद्दल हा अभिप्राय लिहिते आहे. पदवी विद्यापीठाची, प्रयोगशाळा आणि शिक्षक महाविद्यालयाचे, आणि सगळे त्याला अजूनही 'व्होकेशनल' म्हणूनच ओळखतात. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी विभागप्रमुखांना समोर बसून सांगितल्या आहेत. इथल्या कारखानदारांना नाव न घेताही कळेल.

माझं मत आधीच सांगते. छोटं शॉप चालवणाऱ्याने तिथे जरूर जावं. नवी मुलं आय.टी.आय.मधूनही मिळतात. पण आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस जिथे संध्याकाळच्या बॅचला विद्यार्थी म्हणून बसू शकतो, अशी मला माहीत असलेली ही एकच जागा.

हा विभाग मला आतून माहीत आहे, कारण मी तिथलीच. किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे अकरावी-बारावीचं एम.सी.व्ही.सी., महाराष्ट्रात १९८८-८९ला सुरू झालं. त्यानंतरच्या सुरुवातीच्याच एका बॅचमध्ये मी होते. मुलं मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलला, मुली बहुतेक अकाउंटिंगला. कॉलेजच्या मागे पत्र्याची शेड, लोखंड पकडायचे शेगडे बसवलेलं लांब टेबल आणि पट्ट्यावर चालणारे लेथ. मुलं आठवडेच्या आठवडे कानस चालवायची. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासून बाजू काटकोनात आणायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायला. आम्ही मुली व्हरांड्यात बसून रोजमेळ लिहायचो आणि तो खरखर आवाज दिवसभर कानावर असायचा.

त्या शिक्षणात दम होता. आमच्या शॉपमधला पहिला फिटर त्याच शेडमधून आलेला, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसं आज निम्म्या कुपवाडमध्ये आहेत. पण बारावीची परीक्षा झाली की विभागाचा आणि मुलाचा संबंध तुटायचा. शिकाऊ उमेदवारीच्या १९६१च्या कायद्यात १९८६ला दुरुस्ती होऊन व्होकेशनलच्या मुलांनाही जागा मिळाली होती. ज्याला बोलावण्याचं पत्र आलं तो जायचा. बाकीच्यांचं काय झालं हे विचारणारं कुणी नव्हतं. घरोघरी समजही तशीच होती की ज्याला सायन्स झेपत नाही त्याने व्होकेशनलला जावं. आणि अभ्यासक्रम जागचा हलत नव्हता. कुपवाडमध्ये सी.एन.सी. येऊन जुन्या झाल्या तरी शेडमध्ये पट्ट्याचे लेथच होते.

मधला टप्पा बी.व्होक.चा, म्हणजे कौशल्याच्या पदवीचा. यू.जी.सी.ने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१४मध्ये ही पदवी आणली, साठ टक्के भार कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षं पुरी केली तर पदवी. आमच्या भागात ही सोय फार मोलाची आहे. ऊस वेळेत गेला नाही, द्राक्षबाग पावसात सापडली, वडिलांनी अंथरूण धरलं, कशानेही शिक्षण अर्ध्यात राहतं. अर्धवट राहिलेल्या मुलाच्या हातात निदान काहीतरी कागद आला. पण त्या काळात तिथून आमच्याकडे आलेली मुलं संगणकावर ड्रॉइंग सुरेख काढायची आणि मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) हातात दिला की ठरावीक दाबाला घसरणारी रॅचेट सोडून थिंबलच, म्हणजे मोठी फिरकीच, आवळायची. कानस त्यांनी पकडली होती, पण नावापुरती.

त्यानंतर जे झालं, ते मला या विभागाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. पूर्वी तिथून फोन यायचा तो "यंदा किती मुलं घेणार?" असा. एके वर्षी नव्या विभागप्रमुख सरांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा माल परत कशामुळे येतो?"

मी जरा थांबले. गिऱ्हाइकाशिवाय हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सांगितलं की स्लीव्हच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकाच्या मापात, येतो. सर म्हणाले, बघायला येऊ का? ते आणि मापन शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम पहिल्या पाळीला आले आणि दुसरी पाळी उभी राहीपर्यंत थांबले. ऑफिसात बसले नाहीत, चहासुद्धा मशीनजवळच घेतला.

अडचण अशी होती. बोअर ४० एच७, म्हणजे माप ४०.००० मिलिमीटरच्या खाली नको आणि ४०.०२५च्या वर नको. सगळा खेळ पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाचा. मशीनवरून उतरलेला जॉब (तयार भाग) आमच्याकडे पास व्हायचा आणि गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्शनला त्याच जॉबचं बोअर लहान भरायचं. मॅडमनी नुकत्याच उतरलेल्या स्लीव्हवर हात ठेवला आणि ऑपरेटरला विचारलं, "दादा, हा नेहमी इतका गरम असतानाच मोजता?" मग त्यांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. पोलाद तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ४० मिलिमीटरचं बोअर वीस अंशांनी गरम असेल तर ते नऊ मायक्रॉन मोठं दिसणार. गरम असताना ४०.००५ भरलेला जॉब गार झाल्यावर ३९.९९६. गेला रिजेक्शनला.

मापासाठी जगभर ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. एप्रिलमध्ये कुपवाडच्या पत्र्याखाली ते कुठून आणायचं? मॅडमनी सांगितलेला उपाय बिनखर्चाचा होता. जॉब, मास्टर रिंग (अचूक मापाची कडी) आणि बोअर गेज (भोकाचं माप घेण्याचं साधन) एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, सगळं एका तापमानाला येऊ द्या, मग मास्टरवर शून्य लावून जॉब मोजा. मास्टर आणि जॉब दोन्ही पोलादाचेच, त्यामुळे दोघांची वाढ सारखी आणि फरक निघून जातो. आम्ही जुन्या सर्फेस प्लेटला, म्हणजे मापासाठीच्या सपाट पाटाला, खिडकीपासून लांब जागा केली. स्लीव्हचा माल परत येणं जवळजवळ थांबलं.

आमचा ऑपरेटर अनाडी नव्हता. त्याला जसं दाखवलं होतं तसं तो नीट मोजत होता. मोजायचं कसं हे त्याला दाखवलं गेलं होतं, त्यामागचं कारण सांगितलं गेलं नव्हतं. कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या आणखी काही शॉपमध्ये सर फिरले तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांना हेच दिसलं. त्यातूनच संध्याकाळची बॅच निघाली. ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), बोअर गेज आणि मायक्रोमीटर, सी.एन.सी.चे ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) आणि थोडं प्रोग्रॅम वाचन. सगळं मराठीतून. पुस्तकातले जॉब कमी, आमच्या-आमच्या शॉपमधले जास्त. जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते, सहाला वर्ग सुरू.

आमच्याकडून पहिले गेले ते टर्नर मामा. पन्नाशी ओलांडलेले, शिक्षण सातवी. इन्सर्ट (लोखंड कापणारा तुकडा) गेला हे ते मशीनच्या आवाजावरून सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा तो गेलेलाच असतो. सुरुवातीला तयार नव्हते. "वहिनी, आता ह्या वयात दप्तार घिऊन कुटं जाऊ? पोरं हसतील." दोन दिवस जाऊन बघा, नाही पटलं तर राहू द्या, असं म्हणून पाठवलं. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काय लावलं होतं? मामांच्याच स्लीव्हचं ड्रॉइंग. आणि सांगितलं, "मामा, हा जॉब तुम्ही कसा काढता ते आधी आम्हाला सांगा." मामा बोलत होते, बी.व्होक.ची मुलं वहीत उतरवून घेत होती, आणि सर अधूनमधून विचारत होते की इथे आधी फेस का घेतला, इथे कट कमी का केला. तिसऱ्या दिवसापासून मामा शॉपमधून आमच्याआधी निघायला लागले.

सगळ्यात जास्त अडलं ते ऑफसेटला. सी.एन.सी. लेथवर एक्सचा आकडा व्यासाचा असतो. बोअर ०.०१५ने कमी भरलं तर वेअर ऑफसेटमध्ये पूर्ण ०.०१५ वाढवायचे. साध्या लेथच्या बऱ्याच डायलवर मात्र कट एका बाजूचा मोजतात आणि व्यासात त्याच्या दुप्पट फरक पडतो. आयुष्यभर मनात निम्मं करण्याची सवय लागलेला माणूस इथे हमखास निम्मंच भरतो. मॅडमनी मामांना साध्या लेथवर एक कट घ्यायला लावला, मोजायला लावलं, मग तोच कट सी.एन.सी.वर घ्यायला लावला. दोन्ही आकडे त्यांच्याच हाताने शेजारी शेजारी लिहून घेतले. त्या रात्री मामांनी मला फोन केला, एरवी कधी करत नाहीत. "वहिनी, बटनं दाबायला आपली पोरं शिकवत हुती, पर का दाबायचं ते कुनी सांगितलंच न्हवतं."

शेवटी आधीपासून येत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याचं प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या कौशल्य योजनेत ही सोय आहे, आणि विभाग ती नीट राबवतो. मामा म्हणाले, "माज्या नावाचा कागुद म्हंजे रेशनकार्ड आन् सातबारा. त्यो बी भावासंगट." हा तिसरा कागद एकट्याचा. आमच्या धंद्यात या माणसांच्या जोरावर कोट्यवधींचा माल जातो आणि त्यांच्या कसबाची लेखी नोंद कुठेच नसते, हे मला आधीपासून खुपत होतं.

एक शेजारचे कारखानदार म्हणतात, शिकवलं की माणूस जातो. जातोही. शिरोलीला जातो, चाकणला जातो. पण शिकून आलेल्या माणसाचा पगार आहे तिथेच ठेवला, तर त्याने थांबावं तरी का? आम्ही मामांचा आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या दोघांचा पगार वाढवला. त्या बदल्यात दुसऱ्या पाळीत ऑफसेटसाठी सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसाला, घरून बोलवावं लागत नाही. हिशेब मीच लिहिते, त्यामुळे खात्रीने सांगते की यात आमचं नुकसान झालेलं नाही.

आपल्या भागाला हे काही नवं नाही, हेही इथे नोंदवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा तयार कामगार मिळणार कुठून? माणूस कामावरच घडवावा लागला. कर्मवीर भाऊराव पाटील शाळा काढण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९मध्ये काले इथे काढली, आणि १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते 'कमवा आणि शिका' याच पायावर. आज साताऱ्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. काम करणाऱ्या माणसाला शिकता आलं पाहिजे हा विचार इथल्या मातीत शंभर वर्षांपासून आहे. आमच्या विभागाने तो फार उशिरा का होईना मनावर घेतला, याचं मला मनापासून समाधान आहे.

मुलींच्या बॅचबद्दल थोडं. इन्स्पेक्शनसाठी वेगळी बॅच असते आणि तिथून आलेल्या मुलींचं काम चोख आहे. बुधगाव, माधवनगर, बामणोली भागातल्या मुली. रीडिंग लिहिताना आकडा गोल करत नाहीत, शंका आली तर पुन्हा मोजतात, गेज जागेवर ठेवतात. आमच्या वेळी मुलींना शेडकडे फिरकू देत नव्हते, तिथल्याच मुली आज मास्टर रिंग लावून बोअर गेजला शून्य करतात. ही गोष्ट मी शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कानशीची. नव्या मांडणीत पूर्णवेळच्या मुलांचं हातकाम इतकं कमी केलं आहे की कानस, करवत, टॅप-डाय सगळं मिळून काही दिवसांत उरकतात. सरांचं म्हणणं की आज कारखान्यात कानस कोण चालवतं. मी त्यांच्याशी वाद घातला आणि अजूनही घालीन. कानशीने हाताला लोखंड कळतं. दाब किती, धार किती, बर (कडेची धातूची कुसळं) कुठे राहिली, हे ज्याच्या बोटांना कळतं त्याला पुढे मशीनवरही कळतं. जुन्या शेडमधली ही एक गोष्ट जशीच्या तशी ठेवायला हवी होती.

दुसरी शिक्षकांची. मापन शिकवणाऱ्या ज्या मॅडमचं वर कौतुक केलं, त्या तासिका तत्त्वावर आहेत. नेमणूक वर्षापुरती, सुट्टीत मानधन नाही. वर्कशॉप ओळखणारा शिक्षक तयार व्हायला वर्षं लागतात. सगळ्यांना आयुष्यभर शिकत राहा सांगणाऱ्या विभागाने शिकवणाऱ्यालाच असं टांगून ठेवलं तर हे फार दिवस टिकणार नाही. या मॅडम गेल्या, तर ही बॅच निम्मी झाली असं मी समजेन.

तिसरी ऑनलाइन परीक्षेची. प्रश्न मराठीत असतात म्हणतात, पण ते मराठी कुणाच्या तोंडचं नाही. 'टॉलरन्स' आम्हा सगळ्यांना कळतो, तिथे 'सह्यता' लिहिलेलं. मामांना उत्तर येत होतं, प्रश्न कळत नव्हता. परीक्षकाने तोंडी विचारल्यावर एका दमात सांगितलं.

व्यक्तिमत्त्व विकासाचे तासही गरजेपेक्षा जास्त आहेत. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला रात्री आठ वाजता हस्तांदोलन कसं करावं हे दाखवू नये. आणि बॅच साडेआठला सुटते, तेव्हा मुलींना परत जायला बसची खात्री नसते. सध्या आम्ही दोन-तीन शॉप मिळून एक रिक्षा ठरवली आहे. ही जबाबदारी विभागाने घ्यायला हवी, निदान वेळ तरी अर्धा तास अलीकडे आणावी.

कागदपत्रांच्या कामात मात्र विभागाचं ऑफिस खरंच मदत करतं. तीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आमच्यासारख्या शॉपला शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण चारपासून पुढे माणसं असतील तर घेता येतात. केंद्राच्या २०१६च्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १५०० रुपये महिना, सरकार सोसतं. आम्हाला हे विभागातल्या क्लार्कताईंनी सांगितलं आणि पोर्टलवर नोंदणीही शेजारी बसून करून दिली. राज्याची २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हाही त्यांनीच सगळं समजावलं. बारावीला महिन्याला ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत तेव्हा सहा महिने. सहा महिन्यांत इन्स्पेक्टर बऱ्यापैकी तयार होतो. सेटर होत नाही, तिथे घाई करू नये.

जायचं असेल त्यांच्यासाठी. बॅच भरायला ठरावीक माणसं लागतात, एका छोट्या शॉपकडे तेवढी सोडता येत नाहीत. शेजारच्या शॉपना बरोबर घ्या. आमच्या बॅचला चार शॉपची माणसं होती आणि फी प्रत्येक शॉपने आपापल्या माणसांची भरली. फीची पावती शॉपच्या नावाने मागून घ्या, नंतर बदलून मिळायला वेळ लागतो. सेमिनार हॉलमध्ये माहितीपट दाखवतात, तो राहू द्या, थेट मापन प्रयोगशाळा बघा आणि गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखा वाचा. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या चालू वर्षातल्या होत्या. पहिल्या भेटीला परत आलेला एक जॉब आणि त्याचं ड्रॉइंग बरोबर न्या, बोलणं तिथूनच सुरू होतं. ऑफिस शनिवारी दुपारी बंद होतं. सर मात्र रविवारी सकाळी प्रयोगशाळेत असतात, आधी फोन करून जा.